मुलतानी आणि कुकरच्या शिट्ट्या

गाण्याला जायचं म्हणजे आपल्याला आधी स्वयंपाकघराची परवानगी काढावी लागते, नाही का? दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला एकटीनं जायचं ठरवलं. पहाटे उठून आमटी, भाजी, पोळ्यांची चवड असं सगळं करून ठेवलं. रात्रीचा भात तेवढा ह्यांनी लावायचा होता. शाळेत अर्धी रजा टाकली नि साताऱ्याहून एस.टी.त बसले. स्वारगेटला उतरलं की मुकुंदनगर जवळच. मुक्काम नणंदेकडे.

भारतीय बैठकीवर जागा मिळाली. गायिकेनं मुलतानी मांडला. तीव्र मध्यमावरून कोमल गंधारावर ती सावकाश उतरत होती, तोच पर्समधला फोन थरथरला. ‘कुकरच्या किती शिट्ट्या?’ उत्तर दिलं. मग ‘मीठ कुठल्या डब्यात?’ मग चिरंजीवांची कंपासपेटी! बरं, मीही काही कमी नव्हते. सासूबाईंना दाखवायला म्हणून फोन उंच धरून पाच मिनिटं चित्रण केलं. पुढे आणखी सहाजणांचे फोन वर होते, तेव्हा चित्रण झालं ते बहुतेक त्या फोनांचंच.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “काय ऐकलंस?” मी फोन पुढे केला. जरा वेळ बघून त्यांनी तो परत दिला.

“हे फोननं ऐकलं गं. तू काय ऐकलंस?”

मला बंदिशीचे शब्दसुद्धा सांगता येईनात.

सासूबाईंचं माहेर पुण्याचं. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव त्यांच्या लहानपणी रात्र-रात्र चाले. वडिलांबरोबर घोंगडी नि थर्मास घेऊन त्या जात आणि सकाळचे राग ऐकून उजाडल्यावर घरी येत. लग्न होऊन साताऱ्याला आल्या, ते पुन्हा एकदाही गेल्या नाहीत. सकाळचं दूध, डबे, पाणी कोण बघणार? हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आता रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. २००० सालचा नियमच आहे तो. सरकारनं सवलत दिलेल्या मोजक्या दिवशी फार तर १२ वाजेपर्यंत. त्यामुळे उत्तररात्रीचे राग या मंडपातून गेलेच म्हणायचे. याचं वाईट वाटतं. पण खरं सांगू? मैफल रात्रभर असती तर मी तरी घरातून निघू शकले असते का? दुपारी तीनला सुरू होते म्हणून तर मुलतानी कानावर पडला.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघी गेलो. त्यांच्या गुडघ्यांसाठी खुर्चीची तिकिटं काढली. तुम्ही जाणार असाल तर शाल विसरू नका, मंडपात रात्री चांगलंच गारठतं. आणि बटाटेवडा खायला उठायचं ते दोन गाण्यांच्या मधे, आलापी चालू असताना नव्हे! घरी बजावून ठेवलं होतं, “दहापर्यंत आम्ही नाही.” आणि फोन चक्क बंद केला.

पडदा वर गेला. तानपुरे जुळवणं चाललं होतं. मी शेजारच्या बाईंशी बोलायला वळले, तर सासूबाईंनी हात दाबला. “आधी हे ऐक.” ऐकलं. जवारी लागली नि चारही तारा एकमेकींत मिसळल्या, तशी अंगावर शिरशिरी आली. आमच्या फोनमधलं गाणं नेहमी याच्या पुढूनच सुरू होतं.

दहाला सगळं थांबलं. लोक चपला शोधू लागले. सासूबाई मात्र शाल सावरून तशाच बसलेल्या.

“आई, चला. संपलं.”

“संपलं? अगं, दरबारीची वेळ तर पुढेच आहे!”

रिक्षात नणंदेच्या घरापर्यंत त्या हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. मी फोन सुरू केला. सात निरोप होते. शेवटचा होता, ‘मीठ सापडलं.’