टपालाचा डिजिटल ठसा : सुरक्षितता छपाईत नव्हे, पडताळणीत

बँकेचे पत्र, विमा कंपनीची सूचना किंवा एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल टपालाने घरी येतो, तेव्हा लिफाफ्यावर अनेकदा तिकीट नसते. त्याजागी उजव्या कोपऱ्यात यंत्राने उमटवलेला ठसा असतो आणि त्यात रक्कम, तारीख व यंत्राचा क्रमांक नोंदलेला असतो. फ्रँकिंग यंत्राचा हा ठसा म्हणजे टपालशुल्क भरल्याचा पुरावा. मात्र तो सरकारी मुद्रणालयात नव्हे, तर ग्राहकाच्या कार्यालयात छापला जातो. महसुलाचे चिन्ह खासगी हातांनी छापू द्यायचे आणि तरीही त्यावर विश्वास ठेवायचा, हा या व्यवस्थेतील मूळ पेच आहे. यांत्रिक यंत्रांकडून डिजिटल यंत्रांकडे झालेली वाटचाल ही या पेचावर शोधलेल्या उत्तराची कहाणी आहे. ते उत्तर अद्याप पूर्ण झालेले नाही.

अमेरिकेच्या टपाल विभागाने १९२० मध्ये अशा यंत्राच्या व्यावसायिक वापरास मान्यता दिली. त्यामागची कल्पना साधी होती. यंत्रात दोन गणक असत. एक आजवर वापरलेली एकूण रक्कम दाखवी आणि प्रत्येक ठशागणिक वाढत जाई. दुसरा शिल्लक रक्कम दाखवी आणि तेवढ्यानेच घटत जाई. नवी रक्कम भरेपर्यंत दोन्ही आकड्यांची बेरीज कायम राहिली पाहिजे, हीच हिशेबाची कसोटी होती. रक्कम संपली की मीटर टपाल कार्यालयात नेऊन आगाऊ पैसे भरावे लागत आणि कर्मचारी गणक पुढे सरकवून पुन्हा सील लावत असे. या व्यवस्थेचे संरक्षण दातेरी चाके आणि सील यांच्यापुरतेच होते. सील तोडून गणक मागे फिरवता येत असे, तसेच ठशाची हुबेहूब नक्कल करणेही अशक्य नव्हते. टपाल वेगळे करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे ती ओळखण्यासाठी डोळ्यांखेरीज दुसरे साधन नव्हते.

छापील कागदावर ठेवलेल्या विश्वासाची किंमत भारताने दुसऱ्या एका क्षेत्रात मोजली आहे. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांक घोटाळ्याचा टपालाशी थेट संबंध नव्हता. तथापि खऱ्या मुद्रांकासारखाच दिसणारा कागद व्यवहारात खपतो आणि तो तपासण्याची सोय कोणाकडेच नसते, ही त्रुटी दोन्हीकडे समान होती. तेलगीला ३० वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. मात्र खरा बदल घडवला तो ई-मुद्रांक पद्धतीने. स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनमार्फत दिल्या जाणाऱ्या प्रत्येक ई-मुद्रांक प्रमाणपत्राला स्वतंत्र क्रमांक असतो आणि त्याची सत्यता संगणकीय नोंदीवरून पडताळता येते. विश्वासाचा आधार कागदाच्या दर्जावरून मध्यवर्ती नोंदीवर आला.

टपालशुल्काच्या बाबतीत हाच विचार अमेरिकेने १९९० च्या दशकात स्वीकारला. तेथील टपाल सेवेने प्रथम यांत्रिक मीटर आणि नंतर टपाल कार्यालयात नेऊन रक्कम भरावी लागणारी यंत्रे टप्प्याटप्प्याने बाद केली. ऑगस्ट १९९९ मध्ये संगणकावरून टपालशुल्क छापण्याच्या सेवांना मंजुरी मिळाली. नव्या यंत्रणेत दोन्ही गणक एका सुरक्षित इलेक्ट्रॉनिक उपकरणात बंदिस्त असतात. ते उघडण्याचा प्रयत्न झाल्यास आतील गुप्त सांकेतिक किल्ली नष्ट व्हावी, अशी त्याची रचना असते. रक्कम दूरसंचार जोडणीद्वारे भरली जाते आणि त्याच वेळी यंत्राचा हिशेबही मध्यवर्ती संगणकाकडे पोहोचतो. लिफाफ्यावर द्विमितीय बारकोड उमटतो. त्यात रक्कम, तारीख, यंत्राची ओळख, गणकांचे आकडे आणि या साऱ्याला बांधणारी डिजिटल स्वाक्षरी असते. एक आकडा जरी बदलला, तरी स्वाक्षरी जुळत नाही.

येथेच एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. डिजिटल स्वाक्षरी ठसा अस्सल असल्याचे सिद्ध करते. तो एकदाच वापरला गेल्याचे सिद्ध करत नाही. अस्सल बारकोडची छायाप्रत काढून ती १०० लिफाफ्यांवर चिकटवली, तर प्रत्येक प्रतीवरील स्वाक्षरी बिनचूक जुळेल. ही फसवणूक पकडण्याचा एकच मार्ग आहे. प्रत्येक बारकोड यंत्राने वाचला गेला पाहिजे आणि तो यापूर्वी वापरला गेला आहे का, हे मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहिले पाहिजे. वाचला न जाणारा बारकोड हा केवळ शाईचा नक्षीदार चौकोन ठरतो.

अमेरिकेतील अनुभव याची साक्ष देतो. कॅलिफोर्नियातील एका प्रकरणात २०२४ मध्ये आरोपीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. बनावट शुल्क-लेबले लावून ३ कोटी ४० लाखांहून अधिक पार्सले पाठवण्यात आली आणि त्यामुळे टपाल सेवेचे १५ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले, असे या प्रकरणात समोर आले. जेथे डिजिटल शुल्कचिन्हांची पद्धत दोन दशकांहून अधिक काळ रुळली आहे, तेथेच हे घडले. त्रुटी होती ती ठसा आणि नोंद यांच्यातील सांध्यात.

ब्रिटनने दुसरी बाजू दाखवून दिली. तेथे रॉयल मेलने नेहमीच्या वापरातील तिकिटांवर बारकोड छापले आणि ३१ जुलै २०२३ नंतर बारकोडविरहित नियमित तिकिटे बाद ठरवली. यंत्राने तिकीट बनावट ठरवल्यास पत्र घेणाऱ्याकडून ५ पौंड वसूल केले जात. आपण अधिकृत ठिकाणीच तिकिटे घेतली होती, अशा तक्रारी वाढल्यावर एप्रिल २०२४ मध्ये ही आकारणी स्थगित करावी लागली. पडताळणी नसेल तर महसूल बुडतो. ती सदोष असेल तर निर्दोष नागरिक भरडला जातो. भारतात ‘नॉटपेड’ पत्रावरील तुटीच्या दुप्पट रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल करण्याची पद्धत पूर्वापार चालत आली आहे. त्यामुळे हा धडा येथेही तितकाच लागू होतो.

भारतीय टपाल खात्यानेही जुनी यंत्रे मागे टाकून दूरस्थ व्यवस्थापन असलेली डिजिटल फ्रँकिंग यंत्रे स्वीकारली आहेत. देशातील सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालये ऑगस्ट २०२५ पर्यंत नव्या ‘ॲडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी’ प्रणालीशी जोडण्यात आली. पायाभूत सोय त्यामुळे उपलब्ध झाली आहे. स्पीड पोस्टच्या वस्तूंवर मागोव्यासाठी बारकोड असतो आणि तो टप्प्याटप्प्यावर वाचला जातो. त्याच नोंदीत शुल्काची पडताळणी जोडणे तुलनेने सोपे आहे. साध्या पत्रांचा मात्र असा स्वतंत्र मागोवा घेतला जात नाही. मोठ्या प्रमाणावर टपाल पाठवणाऱ्यांचा भर साध्या पत्रांवर असेल, तर जोखीमही तेथेच केंद्रित होते.

कायद्यातील बदलामुळे ही गरज अधिक तीव्र झाली आहे. १८९८ च्या भारतीय टपाल कार्यालय कायद्यात गुन्हे आणि शिक्षा यांची स्वतंत्र तरतूद होती. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ मधून ती वगळण्यात आली. थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. फसवणुकीवर फौजदारी कारवाई करायची झाल्यास आता सर्वसाधारण कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. वसुली असो वा खटला, ठसा कोणत्या यंत्राचा, कोणत्या दिवशीचा आणि कितव्यांदा वापरलेला, हे नोंदीवरून दाखवता आले तरच दावा टिकेल.

त्यामुळे आधुनिकीकरणाचे यश किती नवी यंत्रे बसवली यावरून मोजणे अपुरे ठरेल. टपाल स्वीकारताना आणि वर्गीकरण केंद्रात किती ठसे प्रत्यक्ष वाचले जातात, पुनरावृत्ती किती लवकर लक्षात येते आणि यंत्राने संशयित ठरवलेल्या टपालाबाबत नागरिकाला दाद मागण्याची कोणती सोय आहे, हे निकष अधिक महत्त्वाचे आहेत. साध्या टपालापैकी निवडक लिफाफ्यांची नियमित नमुना-तपासणी करूनही सुरुवात होऊ शकते. फसवणुकीने बुडणारी रक्कम टपाल खात्याच्या तुटीत भर घालते आणि त्या तुटीचा भार अखेरीस प्रामाणिकपणे तिकीट लावणाऱ्यावरच पडतो.