आमसुलाच्या जागी चिंच

सणाच्या दिवशी पानात एखादा नेहमीचा पदार्थ दिसला नाही, तर कुणी ना कुणी विचारतंच. एरवी जेवताना मोबाइल बाजूला न ठेवणारा नातूही मान वर करून म्हणतो, "आजी, यंदा कटाची आमटी नाही?" सणाचं जेवण असंच असतं. रोज काय खाल्लं ते विसरायला होतं, पण दिवाळीला काय हवं आणि होळीला काय हवं हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं.

हे सगळीकडेच होतं. फिलिपिन्सचं उदाहरण घ्या. तिथे 16 डिसेंबरपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत नऊ दिवस पहाटेची प्रार्थना असते. चर्चबाहेर गरमागरम बिबिंगका विकायला असते. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध केळीच्या पानावर ओतून, खाली आणि वर निखारे ठेवून ती भाजतात. गोव्यातल्या नाताळच्या बेबिंकाशी तिचं नाव जुळतं, वरून आच द्यायची रीतही जुळते. शेजारीच बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग असतो. चेन्नईत राहून पुट्टू खाल्लेल्याला तो पाहताक्षणी ओळखीचा वाटेल. नाताळच्या मध्यरात्री सगळं कुटुंब एकत्र जेवतं, त्या जेवणाला 'नोचे बुएना' म्हणतात. वाढदिवसाला आणि नव्या वर्षाला पान्सित म्हणजे शेवयांचा पदार्थ हवाच, कारण लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य.

मद्रासहून गेलेली चव

तिथल्या सणासमारंभांतल्या आणखी एका पदार्थाची गोष्ट थेट आपल्या शहरापर्यंत येते. त्याचं नाव कारे-कारे. गुराच्या शेपटीचं मांस, केळफूल, वांगी आणि शेंगा यांचा हा दाटसर रस्सा. दाटपणासाठी त्यात शेंगदाण्याचं कूट आणि भाजलेल्या तांदळाची पूड घालतात. मसाला जवळजवळ नसतोच. खारटपणासाठी सोबत आंबवलेल्या कोळंबीची चटणी वाढतात.

1762 मध्ये इंग्रजांचं आरमार मद्रासहून निघालं आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी मनिला घेतलं. त्या फौजेत इथले शिपाईही होते. 1764 मध्ये इंग्रज परत गेले, पण काही शिपाई तिथेच राहिले. मनिलाजवळच्या काइंता गावात त्यांनी संसार थाटले. असं सांगतात, की त्यांना घरच्या 'करी'ची आठवण येई, पण मसाले मिळत नसत. मग जे हाताशी होतं त्यातच त्यांनी रस्सा केला आणि 'करी'चं कारे-कारे झालं. या नावाच्या इतरही कथा आहेत. ही कथा मात्र चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाला लगेच पटते, कारण अशीच एक गोष्ट आपल्या घरातही आहे.

तंजावरची पंगत

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1675 च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं केलं. ते 1855 पर्यंत टिकलं. राज्याबरोबर आलेली कुटुंबं तिथेच रुजली आणि त्यांतली बरीचशी पुढे शिक्षण-नोकरीसाठी मद्रासला आली. 1912 मध्ये इथे महरट्टा एज्युकेशन फंड सुरू झाला, तो या समाजातल्या मुलांच्या शिक्षणासाठी.

सांबाराची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, आमटीसाठी आमसूल संपलं होतं, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावावरून ते सांबार झालं. कथा खरी असो वा नसो, त्यातली अडचण मात्र खरी वाटते. कोकणातलं आमसूल कावेरीकाठी कुठून आणायचं?

अशा बदलांच्या खुणा चेन्नईत आजही जागोजागी दिसतात. तमिळ घरांतल्या 'पिटलै'चं नातं आपल्या पिठल्याशी जोडतात, पण त्यात बेसन नाही. तूरडाळ, चिंच, नारळ आणि कारलं किंवा वांगं असतं. तंजावरी घरांतली डांगर पच्चडी म्हणजे उडदाचं पीठ घालून फोडणी दिलेलं दही. महाराष्ट्रातलं डांगर खाल्लेल्याला ती परकी वाटणार नाही. पोंगलच्या आदल्या दिवशी भोगीला आपल्याकडे मिसळीची भाजी आणि बाजरीची भाकरी असते, तर इथल्या कितीतरी तमिळ घरांत त्या दिवशी 'पोळी' होते. पश्चिम मांबलमच्या दुकानांत डाळीच्या पुरणाशेजारी नारळाचं सारण भरलेली पोळीही मिळते.

खरी चव कोणती?

पुण्या-मुंबईहून इथे नव्याने आलेली मंडळी कधीकधी म्हणतात, "ही काही खरी मराठी चव नाही." तंजावरी आजीला हे ऐकून वाईट वाटतं आणि ते साहजिक आहे. साडेतीनशे वर्षं तिच्या घराने जे मिळालं त्यावर सण साजरे केले. घटक बदलले म्हणून सण थांबला नाही. कारे-कारे करणाऱ्या घरालाही कुणी विचारू नये, की मद्रासची करी कुठे गेली.

खरी भीती वेगळी आहे. या घरांतली नातवंडं तमिळ आणि इंग्रजी सहज बोलतात, मराठी मात्र आजीपुरती उरते. तिच्या भाषेतले कितीतरी शब्द आता फक्त स्वयंपाकघरात ऐकू येतात. पदार्थ बंद झाला, की तो शब्दही जातो.

म्हणून या सणाला एक करा. घरातल्या मोठ्यांना एकच पदार्थ करायला सांगा आणि फोनवर त्याचं चित्रण करा. "अंदाजाने घाल" म्हणाल्या तर वाटी पुढे करा आणि मोजून घ्या. त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्यांना पुस्तकी मराठीत बदलू नका. आणि विचारा, "तुमच्या आईकडे हे कसं करायचे? यात आधी काय होतं, जे आता मिळत नाही?" या प्रश्नाच्या उत्तरात तुमचं घराणं कुठून कुठे आलं ते कळेल. मग तो पदार्थ मुलांच्या हातून एकदा करून घ्या. पहिल्या खेपेला बिघडला तरी चालेल, पुढच्या सणाला जमेल.