वेबसाइट हॅक झाली, तर लाजू नका

बुरोंडीच्या एखाद्या आंबा-काजू व्यापाऱ्याची वेबसाइट हॅक झाली, की तो बिचारा गप्प बसतो. लाज कसली? जून २०२२ मध्ये खुद्द ठाणे पोलिसांची वेबसाइट हॅक करून तीवर जगभरच्या मुसलमानांची माफी मागा, असा मजकूर लावला गेला. (ही वकिली आम्ही कुणाला दिली नव्हती!)

गप्प बसलात, तर गिऱ्हाईक चोराने टाकलेल्या खात्यात पैसे भरेल. म्हणून आधी गिऱ्हाइकांना फोन करा. बिघडलेल्या पानाचा फोटो ठेवा, पासवर्ड बदला, सायबर पोलिसांत तक्रार द्या. पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० लावा.

पण डोमेनच बनवणाऱ्या पोराच्या नावावर असेल, तर मालक म्हणून तुम्हांला विचारणार कोण? दुकानाचा गाळा आपण असा परक्याच्या नावे घेतो का? ती नोंदणी आधी आपल्या नावावर करून घ्या.