वास्तूची वाणी

घराने ऊनपावसापासून रक्षण करावे, कोठारात धान्य सुरक्षित राहावे, शाळेत मुलांना उजेडात बसून शिकता यावे. वास्तूचा उपयोग एवढाच, असे पुष्कळांना वाटते. भिंती भक्कम असाव्यात आणि खर्च आटोक्यात राहावा. याहून अधिक काही मागणे म्हणजे निव्वळ चैन होय, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. माणूस वास्तूत केवळ राहत नाही, तिच्याद्वारे तो काही सांगतही असतो. जी वास्तू आपला उपयोग साधून एखादी कथाही सांगते, तीच पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मनात वास करते.

वेरूळचे कैलास लेणे हे याचे उत्कृष्ट उदाहरण होय. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, शिल्पकारांनी एक अखंड डोंगर वरून खाली कोरीत आणून हे मंदिर घडविले. बाहेरून पाहणाऱ्यास ते संपूर्ण दिसत नाही. पुढची भिंत व प्रवेशद्वार त्यास झाकून ठेवतात. द्वारातून आत शिरताच समोर गजलक्ष्मी दिसते. मग अंगणात पाऊल पडते आणि मंदिराचा सर्व भार जणू पाठीवर तोलून धरणारे हत्ती दृष्टीस पडतात. एका बाजूस रामायणातील, तर दुसऱ्या बाजूस महाभारतातील प्रसंग कोरलेले आहेत. कथाकार ज्याप्रमाणे काय आधी सांगावे व काय मागाहून, हे ठरवितो, त्याचप्रमाणे येथे शिल्पकारानेही ठरविले आहे.

याच मंदिराच्या दक्षिण बाजूस, खाली, कैलास पर्वत हलवू पाहणारा रावण कोरलेला आहे. त्याच्या माथ्यावर शिवपार्वती आहेत, आणि त्यांच्याही वर संपूर्ण मंदिर उभे आहे. हे मंदिर म्हणजेच कैलास पर्वत, हे ध्यानी येताच पाहणारा थक्क होतो. ज्या पर्वताची कथा तो पाहत आहे, त्याच पर्वताच्या पायथ्याशी तो स्वतः उभा असतो! येथे शिल्प हे मंदिराचा निव्वळ अलंकार राहत नाही. मंदिरच कथेत सामील होते.

‘ही प्राचीन काळची गोष्ट झाली, आजच्या विज्ञानयुगात तिचे काय प्रयोजन?’ असे कोणी विचारील. त्याने पुण्याचे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र पाहावे. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली. तिच्या काळ्या पाषाणाच्या भिंती रात्रीच्या आकाशाचे स्मरण करून देतात. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. भिन्न देशांतील व भिन्न शतकांतील हे चौघे एका अंगणात एकत्र आले आहेत. ज्ञानाला देशाच्या सीमा नसतात, हे तेथे फलकावर लिहून सांगावे लागत नाही.

मात्र कथा सांगणे म्हणजे नक्षीचा पसारा मांडणे नव्हे. जुन्या राजवाड्यांचे घुमट व कमानी उसन्या आणून नव्या इमारतीस चिकटविल्या, म्हणजे तिला वाणी फुटत नाही. वास्तू कोणासाठी आहे, ती कोणत्या भूमीवर उभी आहे आणि तेथे कोणते कार्य चालणार आहे, यांतूनच तिची खरी कथा जन्मास येते. हा विचार न केल्यामुळेच आज गावोगावी एकसारख्या, मुक्या इमारती उभ्या राहत आहेत.

विद्यार्थ्यांचेही या बाबतीत एक कर्तव्य आहे. लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींवर खिळ्याने वा कोळशाने आपले नाव लिहिणारे लोक पुष्कळ आढळतात. ते केवळ एक दगड विद्रूप करीत नाहीत. हजार वर्षे चालत आलेल्या कथेची एक ओळ ते पुसून टाकतात, आणि ती पुन्हा कोणासही लिहिता येत नाही. म्हणून जुन्या वास्तूपाशी गेल्यावर क्षणभर शांत उभे राहावे व ती काय सांगते आहे, ते ऐकावे. ज्याला हे ऐकता येईल, तोच उद्या बोलकी वास्तू उभारू शकेल.