पैशाचाही भाव विचारा

कापसाचा भाव क्विंटलमागे 50 रुपयांनी हलला तर आपण चार ठिकाणी चौकशी करतो. पैसा घेताना मात्र त्याचा भाव विचारत नाही. व्याज हे पैशाचे भाडे आहे आणि ते महिन्यागणिक चढते.

हिशेब मांडू. सावकार म्हणतो 'शेकडा तीन', बँक म्हणते 'सात टक्के'. ऐकायला सावकार स्वस्त. पण त्याचे तीन दरमहा आहेत, बँकेचे सात वर्षाचे. 50,000 रुपयांवर वर्षाला बँकेचे व्याज 3,500, सावकाराचे 18,000. थकलेले व्याज दरमहा मुद्दलात धरले, तर वर्षअखेर देणे 71,000 च्या वर जाते.

तिसरे कर्ज डोळ्यांना दिसत नाही. रोखीने 1,000 रुपयांना मिळणारे औषध उधारीच्या वहीत 1,150 ला लिहिले आणि जुलैची उधारी डिसेंबरात फेडली, तर पाच महिन्यांत 1,000 वर 150 गेले. म्हणजे पुन्हा शेकडा तीनच! वर त्याच दुकानदाराला क्विंटलमागे 200 रुपये कमी घेऊन कापूस घालावा लागला, तर तेही व्याजच.

मग शेतकरी महागडा पैसा का घेतो? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. मृगाच्या पेरणीला लागणारा पैसा बँकेने ऑगस्टात दिला, तर त्याच्या स्वस्ताईचा उपयोग काय? केंद्राच्या व्याज सवलतीने 2006-07 पासून पीककर्ज 7 टक्क्यांनी मिळते. पुढे वेळेवर फेडणाऱ्याला आणखी 3 टक्के सूट आली. 3 लाखांपर्यंतची ही सवलत मुदत चुकली की हातची जाते. दोन हंगाम थकले की खाते अनुत्पादक ठरते आणि नव्या कर्जाचे दार बंद होते.

बँकेतला पैसा ठेवीदारांचा आहे, त्यात आपल्या गावच्याही ठेवी आहेत. एकूण कर्जवाटपातला 18 टक्के वाटा शेतीला देण्याचे लक्ष्य रिझर्व्ह बँकेनेच बँकांना घालून दिले आहे. तेव्हा पीककर्ज मागणे ही भीक नव्हे.

अर्थात, व्याज शून्यावर आले तरी उत्पादन खर्च भरून न काढणाऱ्या भावात कर्ज फिटत नाही. भावाची लढाई मुख्य आहे आणि ती चालूच राहील. पण त्या लढाईत टिकायचे तर महागडा पैसा अंगावर नको. घरात देणेकरी उभा असला की माल पहिल्या भावाला सुटतो. ज्वारी थांबवता येत असेल तर पणन मंडळाच्या तारण योजनेत ठेवा. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून सहा महिन्यांसाठी 6 टक्के दराने कर्ज मिळते. आपली समिती ही योजना राबवत नसेल, तर सभापतींना जाब विचारा.

जिल्हा बैठकीला येताना पासबुक आणि उधारीच्या पावत्या आणा. प्रत्येकाचे खरे व्याज आम्ही मिळून काढू. मृगाआधी पीककर्ज हातात मिळालेच पाहिजे, ही मागणी त्याच आकड्यांसह बँकांपुढे ठेवू.