भयाचा भार बालकांच्या माथी

लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे २००९ साली पालकांनी आपली मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठविणे बंद केले. एच. आय. व्ही.ची बाधा झालेली, जवळच्याच आश्रयगृहात राहणारी काही मुले त्या शाळेत येऊ लागली होती आणि आपल्या लेकरांशेजारी ती बसावयास नकोत, एवढाच पालकांचा आक्षेप होता. पुढे २०१४ मध्ये दक्षिण गोव्यातील रिवण येथे अशाच दडपणामुळे १३ मुलांना शाळेबाहेर पडावे लागले. एका बाकावर बसल्याने, एकत्र जेवल्या-खेळल्याने हा विषाणू पसरत नाही, हे वैद्यकशास्त्राने १९८५ सालीच स्पष्ट केले होते.

अडाणीपणा म्हणून या प्रकाराची बोळवण करणे सोयीचे आहे. आम्हांस ते पटत नाही. ज्यांना अज्ञानात ठेवले गेले त्यांचे भय कोणाकडे वळते आणि कोणाकडे वळत नाही, हा खरा प्रश्न आहे.

लहान मुलांना हा आजार बहुधा आईकडूनच येतो. गर्भात, जन्मसमयी किंवा अंगावरच्या दुधातून. उपचार न मिळाल्यास अशा शंभर मातांच्या बालकांपैकी १५ ते ४५ जणांना लागण होते. उपचार मिळाल्यास हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. मग औषध नव्हते काय? होते. १९७० च्या पेटंट कायद्याने दिलेल्या मोकळिकीमुळे मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली तीन औषधांचा वर्षभराचा उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेस ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य मक्तेदार कंपन्या त्याच उपचारासाठी दहा हजार डॉलरहून अधिक उकळीत होत्या. सिप्ला ही काही धर्मादाय संस्था नव्हे. परंतु मक्तेदारीचा भाव किती पोकळ होता, हे त्या एका आकड्याने उघडे पाडले. आणि आपल्या सरकारने हा उपचार मोफत देण्यास प्रारंभ केला तो १ एप्रिल २००४ रोजी. मधल्या वर्षांत औषधावाचून गेलेल्या आईबापांचा जाब कोणत्याही ग्रामसभेने सरकारला विचारला नाही. त्यांच्या मागे राहिलेल्या मुलांना मात्र शाळेचे दार दाखविण्यात आले.

ही केवळ मागासलेल्या देशाची कहाणी आहे, असेही कोणी समजू नये. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कोकोमो नावाचे शहर आहे. रायन व्हाइट हा तेथील तेरा वर्षांचा मुलगा. जखम झाल्यास रक्त न थांबण्याचा विकार त्याला जन्मतःच होता आणि त्यावरील औषधातून त्याच्या शरीरात विषाणू शिरला. हे औषध औषध-कंपन्या हजारो माणसांचा रक्तद्रव एकत्र करून बनवीत. तो रक्तद्रव पैशाच्या गरजेपोटी तो विकणाऱ्या गरिबांकडून, प्रसंगी तुरुंगातील कैद्यांकडूनही, विकत घेतला जाई. त्या औषधाने अमेरिकेतील या विकाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांना बाधा झाली. रक्ताचा माल झाला की काय होते, ते येथे पाहावे.

आता कोकोमोचे लोक काय करीत होते? १९८५ साली ११७ पालकांनी आणि ५० शिक्षकांनी एका अर्जावर सह्या केल्या. तो अर्ज औषध-कंपन्यांविरुद्ध नव्हता. रायनला शाळेत घेऊ नये म्हणून होता. न्यायालयीन झगड्यानंतर तो परतला तेव्हा त्याला स्वतंत्र शौचालय आणि वापरून फेकून देण्याची ताटे-चमचे देण्यात आले. (आपल्याकडील दलित बांधवांना ही यादी मुळीच नवीन वाटणार नाही.) कोकोमो हे मोटार कारखान्यांतील कामगारांचे शहर आहे, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. कामगारवर्गाच्या वस्तीत जन्म घेतला म्हणजे माणूस पूर्वग्रहातून आपोआप मुक्त होतो, हा भ्रम आपल्याही चळवळीत पुष्कळ काळ पोसला गेला आहे.

तेथून जवळच्याच सिसेरो गावी १९८७ साली हे कुटुंब राहावयास गेले. तेथील शाळेने रायन येण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना या रोगाची माहिती दिली होती. मुलांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. आणि आईबापांची समजूत पुष्कळ अंशी या मुलांनीच घातली. १९९० च्या एप्रिलमध्ये, अठराव्या वर्षी, रायन गेला.

आपल्या संसदेने २०१७ साली एच. आय. व्ही.बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. शाळाप्रवेश नाकारणे त्याने बेकायदा ठरविले, हे योग्यच झाले. परंतु उपचार पुरविण्याच्या कलमात सरकारने स्वतःसाठी ‘शक्य असेल तितके’ अशी पळवाट ठेवली आहे. गावकऱ्यास सक्ती आणि सरकारला सवलत, असा हा न्याय आहे. ते शब्द काढून टाकण्याची मागणी आपण सोडता कामा नये.

तथापि दिल्लीकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. किसान सभेचे, युनियनचे, महिला आघाडीचे आपले अनेक साथी त्या समित्यांवर आहेत. अशा गावात सभा भरते तेव्हा विरोध करणारे परके नसतात; कालच्या मोर्च्यात आपल्याबरोबर चाललेलेच असतात. मते जातील, सभासद दुरावतील या धास्तीने तेथे आपला कार्यकर्ता गप्प बसत असेल, तर त्याची चर्चा शाखेत नावानिशी झाली पाहिजे. तालुका समित्यांनी हा विषय शाळा उघडण्यापूर्वीच्या बैठकीत घ्यावा, सरकारी दवाखान्यातील डॉक्टरला पालकसभेत आणावे आणि त्या सभेला आपल्या साथींनी आपापल्या मुलांसह हजर राहावे.