भाडोत्री म्हणण्यापूर्वी

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढून मेलेल्या मराठी माणसाचं नाव काढलं की एक आक्षेप हमखास येतो : 'तो परक्यांसाठी, पगारासाठी मेला, आपल्याला त्याचं काय?' आक्षेप ऐकायला मोठा बाणेदार वाटतो, पण तपासायला घेतला की टिकत नाही.

आधी पगाराचं पाहू. पुणे जिल्ह्यातला कळंब, मंचर, जुन्नर हा सगळा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबई गाठत आला. इथल्या माणसांनी डबे पोचवले, ओझी वाहिली. त्यांना कुणी भाडोत्री म्हटलं नाही. त्याच गरजेपोटी कुणी पलटणीत भरती झाला तर तेवढाच तो विकला गेला, हा कुठला न्याय? देशाची स्वतःची फौज सोडून तो गेला असता, तर आरोप शोभला असता. १९१४ साली अशी फौज होतीच कुठे?

'खरा देशभक्त गेलाच नसता,' असंही म्हणतात. मग टिळकांचं काय करायचं? हिंदी माणसांना लष्करात अधिकारपदं देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी पाच हजार माणसं भरती करून देतो, असं त्यांनी १९१८ मध्ये गांधीजींना कळवलं आणि हमी म्हणून पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला. गांधीजींनी तो परत केला. पण त्याच वर्षी ते स्वतः खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव फिरत होते. तेव्हाच्या धुरिणांना जो पेच सुटला नाही, तो न सोडवल्याबद्दल शिपायाला दोषी धरणं अन्याय्य आहे.

आता मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर घ्या. शिक्षणासाठी विलायतेत गेलेला हा तरुण तिथल्या हवाई दलात वैमानिक झाला. काळ्या माणसाला विमान देण्याची तिथे कुणाला हौस नव्हती. त्याच काळातले दुसरे हिंदी वैमानिक हरदितसिंग मलिक यांना तर आधी फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली, तेव्हा कुठे दार उघडलं. वेलिणकर जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीला उडाले ते परतले नाहीत. ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात त्यांनी प्राण सोडला. हांगार इथे त्यांची कबर आहे. नाकारणाऱ्याच्या नाकावर टिच्चून लायकी सिद्ध करणाऱ्या या माणसाला साहेबाचा चाकर म्हणण्याआधी जीभ अडखळायला हवी.

'ही आठवण म्हणजे साम्राज्याची आरती,' हा शेवटचा आक्षेप. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी कूतला घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि पुढे कैदेत असंख्य शिपाई मेले. या मोहिमेतल्या मृतांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी शिपायांची पलटणीगणिक नुसती संख्या. अशी स्मारकं उभारणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला : आशिया-आफ्रिकेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांचं नावानिशी स्मरण केलं गेलं नाही. म्हणजे या शिपायाला विसरा, असं साम्राज्यानेच आधी ठरवलं होतं. आपणही विसरलो तर त्याचंच उरलेलं काम पुरं करतो.

यातलं खरं तेही सांगितलं पाहिजे. युद्ध आपलं नव्हतं. तुर्काशी किंवा इराकच्या शेतकऱ्याशी आपलं वैर नव्हतं. साम्राज्याने हिंदी रक्त स्वस्त मानलं. हे सारं स्मारकावर लिहावं. पण युद्ध ज्याने पुकारलं त्याचा दोष, ज्याला त्यात झोकलं त्याच्या माथी मारू नये. जाब राज्यकर्त्याला विचारायचा असतो, आणि शिपायाचं नाव जपायचं असतं.

आयोगाच्या नोंदवह्यांत अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे वडिलांचं नाव, गाव आणि तालुका दिलेला आहे. जुन्नर-आंबेगावच्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी त्यातून आपापल्या गावची नावं शोधावीत, घरोघरच्या आठवणींशी ताडून पाहावीत आणि चावडीवर लावावीत. आक्षेप घेणाऱ्यांनीही या कामाला यावं. वाद नंतर घालता येईल, आधी नावं तर गोळा होऊ द्या.